लहानपणीची दुखणी आणि हातातली कला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात २६ वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी आमच्या पडवीत आठ-दहा मोठी माणसं जमतात. कुणी चित्र काढतं, कुणी मातीत हात घालतं, कुणी लिहितं, कुणी नुसतंच बसून चहा पिऊन जातं. बहुतेकांचं लहानपण धड गेलेलं नाही. माझंही नाही. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. जिथे अडतं तिथे ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारते आणि त्या सांगतील तसं करते. येणारी आणि फोन करणारी माणसं फिरून फिरून जे विचारतात ते इथे लिहून ठेवलं आहे. ज्यांच्या गोष्टी आल्या आहेत त्यांना विचारूनच आल्या आहेत, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मला कुणी मारलं-झोडलं नाही. तरी माझं लहानपण मला टोचतं. याला आघात म्हणायचं का?

म्हणता येतं. घटना किती मोठी होती एवढ्यावर ते ठरत नाही. मूल किती घाबरलं होतं, आणि घाबरल्यावर त्याला जवळ घेणारं कुणी होतं का, यावर पुष्कळ ठरतं.

अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी सॅन डिएगोतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारून १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचार होतेच, पण घरात कुणी दारुडं असणं, आईला मार खाताना बघणं, घरातल्या कुणाला मानसिक आजार असणं हेही धरलं होतं. असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसनं, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त आढळले. याचा अर्थ तुमचं पुढचं आयुष्य ठरून गेलं असा मुळीच नाही. पण 'उगाच बाऊ करतेस' असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली आला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला होता.

कोकणात आणखी एक दुखणं आहे, त्याला आपण दुखणं म्हणतच नाही. बाप मुंबईला, मागाहून आईही मुंबईला, आणि मूल गावी आजीकडे. आईवडील दिसायचे ते गणपतीत आणि मे महिन्यात. आजीने जिवापाड केलं असेल, पैशाला कमी पडलं नसेल, तरी एस.टी. सुटल्यावर स्टँडवर उभं राहिलेलं मूल कुणी मोजलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थांनी पहिले तीन महिने फक्त एस.टी.ची मागची बाजू काढली. लाल पत्रा, टपावर जायची शिडी, चाकामागची धूळ, मागची काच. काच प्रत्येक वेळी रिकामी. चौथ्या महिन्यात त्यांनी काचेत एक हात काढला आणि कागद उलटा करून ठेवला. आम्ही कुणी काही विचारलं नाही.

आणि वादळं, पूर. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, त्याच दिवशी महाडजवळ तळियेत कोसळलेली दरड. पंचनाम्यात घरं, भांडी, गुरं आली. मुलांची झोप त्यात आली नाही.

मला चित्र काढता येत नाही. शाळेत कायम नापास. मग माझा काय उपयोग?

हा प्रश्न ऐकला की मला माझ्याच धंद्याची लाज वाटते. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली होडी आणि कडेला माड, हे एकच चित्र आम्ही वर्षानुवर्षं काढून घेतलं आणि ज्याचा माड वाकडा आला त्याला तीन मार्क दिले. इथे मार्क नाहीत.

ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना माती, रंगीत पेनं, कोलाजचे कागद दिले आणि ४५ मिनिटं मनाला येईल ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाशी निगडित संप्रेरक. सुमारे ७५ टक्के लोकांचं ते उतरलेलं निघालं, आणि आधी कलेचा हात होता की नव्हता याने फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ सालचा. ३९ माणसं म्हणजे मोठा आकडा नव्हे, आणि पाऊण तास ताण उतरला म्हणजे माणूस बरा झाला असंही नव्हे. पण हात वळत नाही म्हणून दारातूनच मागे फिरायचं कारण नाही, एवढ्यापुरता तो पुरे.

पण कलेने नेमकं होतं काय?

आधी माझं सांगते. मी आत्तेच्या घरी वाढले. घरातला एक मोठा माणूस रात्री पिऊन यायचा. मागच्या दाराची कडी वाजली की मी आणि माझा भाऊ माळ्यावर चढून भाताच्या कणगीमागे बसायचो. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तो माणूस गेला, ते घरही पडलं. तरी कुठेही लोखंडी कडी वाजली की माझी पाठ ताठ व्हायची आणि तोंडाला कोरड पडायची. याबद्दल माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. नवऱ्यालाही मी कधी सांगू शकले नाही, कारण सांगायचं काय हेच कळत नव्हतं.

एका वर्षी गणपतीच्या आधी शाळेत मुलांसाठी शाडू मळत होते. मुलं घरी गेली होती. हातात उरलेल्या गोळ्याची मी कडी वळली. अंगठ्याएवढी. मोडली, परत वळली. त्या संध्याकाळी अकरा कड्या केल्या. दहा मोडून परत मातीत घातल्या. अकरावी खिडकीत वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर ती तिथेच होती, वाळून पांढरट झालेली, कडेला एक चीर गेलेली. मी तिच्याकडे बघत पाचेक मिनिटं उभी राहिले आणि माझी पाठ ताठ झाली नाही.

जाणकार हे असं समजावतात. जिवावर बेतल्यासारखी भीती वाटते तेव्हा आठवण नीट शब्दांत बांधली जात नाही. ती वास, आवाज, अंगातला ताण अशी सुटी सुटी राहते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात आघात सोसलेल्या लोकांना त्यांचीच हकिगत ऐकवत मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा बोलण्याशी संबंधित ब्रोका भाग मंदावलेला दिसला. 'शब्दच फुटत नाही' ही आपली बोली शब्दशः खरी असावी. माती, रंग, ठेका, टाका यांना शब्द लागत नाहीत. आणि जे केलं ते बाहेर राहतं. आतली गोष्ट समोर खिडकीत येऊन बसली की तिच्याकडे बघता येतं, पाठ फिरवता येते, हवं तर मोडता येते. लहानपणी यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं.

हे सगळं परदेशी खूळ नाही का? आपल्याकडे असं काही होतं?

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने काढला. क्षयरोगाच्या इस्पितळात पडून असताना त्याला चित्रांनी आधार दिला होता. शब्द त्यांचा. पण दुःखाला घाट देऊन चारचौघांत मांडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि मला या प्रश्नावर जरा सविस्तर बोलायचं आहे.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देवधर्म आहे, भाऊ आहे, आणि सासरचा जाच, नवऱ्याचा मार, कुणाला न सांगितलेलं एकटेपणही आहे. पहाटे जात्याच्या घरघरीत जे गाता येत होतं ते दिवसा बोलता येत नव्हतं.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी घ्या. कलाकार चित्र समोर धरतो आणि वाद्यावर कथा सांगतो. बघणाऱ्यांचे डोळे चित्रावर असतात, सांगणाऱ्याच्या तोंडावर नसतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव सगळीकडे झालं. आमच्या गटाने त्यांच्या परंपरेकडून एवढी एकच गोष्ट उसनी घेतली. ज्याला सांगायचं आहे तो आपलं चित्र तोंडासमोर धरतो आणि 'एक मुलगा होता' म्हणून सुरुवात करतो. 'मी' म्हणायची सक्ती नाही. चित्राच्या आड माणूस रडला तर कुणाला दिसत नाही.

दशावताराचं तर काय सांगू! लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचायचे, पेटाऱ्यावर बसून ज्याने त्याने आपलं तोंड रंगवायचं. आमच्यातला एकजण गावच्या जत्रेत हौशी नाटकात राक्षस झाला. बापासमोर त्याचा आवाज कधी निघाला नव्हता. त्या रात्री राक्षसाची आरोळी ठोकायची होती. पहिल्यांदा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा मृदंगवाल्याने थाप वाढवून त्याला उचलून धरलं, आणि मग जी आरोळी आली तिने पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरली. तो म्हणतो, त्या आरोळीनंतर त्याला सकाळपर्यंत झोप आली नाही, पण ती भीतीने नव्हे.

आणि गाऱ्हाणं. देवळात गाऱ्हाणं घालतात ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एकजण देवापुढे अडचण मांडतो आणि जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. कुणी उलट प्रश्न करत नाही, उपदेश करत नाही, 'तुझंच चुकलं असेल' म्हणत नाही. आमच्या गटात आम्ही हाच घाट वापरतो. ज्याला वाटेल त्याने आपलं गाऱ्हाणं तीन-चार ओळींत लिहायचं आणि वाचायचं. प्रत्येक ओळीनंतर बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एक बाई वाचत होत्या, 'बा देवा म्हाराजा, मी आठ वर्षांची होते आणि माका कोणी विचारल्यान नाय...' आम्ही व्हय म्हटलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, 'परत एकदा म्हणा.' आम्ही परत म्हटलं. माझ्या मते जखमेला दोन गोष्टी लागतात, एक घाट आणि एक 'व्हय' म्हणणारं माणूस. घाट कागदावर मिळतो. माणूस शोधावं लागतं.

लिहायला बसले की आणखीच त्रास होतो. चालू ठेवू की थांबू?

थांबा. आधी थांबायला शिका, लिहायला मागाहून.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढे असे शेकडो प्रयोग झाले आणि एकूण फायदा लहानसाच निघाला. म्हणजे लिहिण्याने काही जणांना थोडं बरं वाटतं, सगळ्यांना नाही. तुम्हाला नाही वाटलं तर त्यात तुमची कसूर नाही.

आमच्याकडचे नेम असे आहेत. घड्याळ लावून १५ मिनिटं, त्यापुढे नाही. रात्री निजायच्या आधी कधीच नाही. ज्या घरात त्रास देणारं माणूस अजून राहतं त्या घरात नाही. सुरू करण्याआधीच परतीची वाट ठरवायची: पाय जमिनीला टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, तोंडावर गार पाणी मारायचं, मग हाताला काम. तांदूळ निवडणं, नारळ सोलणं, झाडांना पाणी, काहीही. अंग बधिर झालं, आपण इथे नाहीच असं वाटायला लागलं, तर त्या दिवशी लिखाण बंद. सगळ्यांत जड आठवण पहिल्याच दिवशी हातात घेऊ नये. माळ्याच्या आधी मी पडवीचं चित्र काढलं होतं, तुळशीवृंदावनाचं काढलं होतं. माळा दोन वर्षांनी आला.

घरात जागा नाही, पैसे नाहीत, आणि सासूबाई विचारतात 'हा काय चलला?'

पाठकोरे कागद, चुलीतला कोळसा, दारातली रांगोळी, अंगणातली जांभ्याची तांबडी माती. एवढ्यावर आमची पहिली दोन वर्षं गेली. जांभ्याची माती पाण्यात कालवून बोटाने लावली की जो रंग येतो तो बाजारच्या ट्यूबमध्ये मला अजून मिळालेला नाही. रांगोळीची एक सोय आहे: सगळ्यांसमोर काढता येते, काय काढलं ते कुणाला कळत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पुसून जाते. सासूबाईंना सांगा, भजनाच्या चाली उतरवून घेते आहे, किंवा काहीच सांगू नका. वही कुलपात राहत नसेल तर लिहून फाडून टाका, तेही चालतं.

माझ्या मुलीने पूर्ण कागद काळा केला. काही झालं असेल का तिला?

कागदावरून ते ओळखता येत नाही. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असले तक्ते मोबाईलवर फिरतात, त्यांवर जाऊ नका. कधी कधी दुसरा खडू संपलेला असतो. तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'इथे काय चाललंय सांग ना.' ती सांगेल तेवढं ऐका. पुराच्या नंतर मुलं महिनोन् महिने पाणीच काढतात. काढू द्या. त्या पाण्यात एक दिवस होडी येते की नाही, याची वाट बघा, होडी काढ म्हणून सांगू नका.

दुसऱ्या महायुद्धात टेरेझिनच्या छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार मुलांना लपूनछपून चित्रकला शिकवत असे. १९४४ साली तिला ऑशविट्झमध्ये मारलं. मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. त्यांत फुलं आहेत, फुलपाखरं आहेत, घरची जेवणाची टेबलं आहेत. भोगणारं मूल भोगाचंच चित्र काढेल असं नाही.

मात्र मुलीने तोंडाने काही सांगितलं, अंगावर खुणा दिसल्या, एखाद्या माणसाजवळ जायला ती एकाएकी नकार देऊ लागली, तर चित्रांत अडकू नका. तिच्यावर विश्वास ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, माणूस घरचा असला तरी. घराण्याची अब्रू हे कारण त्यात बसत नाही.

'बाधा आहे, घाड्याकडे (भूत उतरवणाऱ्याकडे) ने' असं घरचे म्हणतात.

देवाला नारळ ठेवायला माझी हरकत नाही, मीही ठेवते. पण मूल झोपत नाही, दचकतं, अंथरूण ओलं करतं, तर त्याला डॉक्टरकडे न्यायचंच. आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, डांबणं, धुरी देऊन कोंडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घाबरलेल्या मुलाला आणखी घाबरवून भीती कशी जाईल?

डॉक्टरकडे कधी जायचं? कला पुरणार नाही हे कसं ओळखू?

जीव द्यावासा वाटतो, स्वतःला इजा करावीशी वाटते, दारूशिवाय झोप नाही, जुना प्रसंग आत्ता घडतोय असा डोळ्यांपुढे येतो, कामावर जाणं जमत नाही: यातलं एकही असेल तर आजच. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयातही मनोविकाराची ओपीडी असते. 'वेड्यांच्या इस्पितळात गेला' असं कुणी म्हणेल या भीतीने वर्षं घालवू नका, मी घालवली आहेत.

आघातानंतरच्या आजारावर ज्या उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केली, ते आहेत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्यातला उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळायचा उपचार). दोन्ही प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायचे. कला त्यांच्या शेजारी बसते, त्यांच्या जागी नाही. कुणी दोन दिवसांच्या शिबिरात 'आतलं मूल मोकळं करतो' म्हणून हजारो रुपये मागत असेल, तर त्याचं शिक्षण काय, कुणाला मध्येच कोसळल्यासारखं झालं तर पुढे काय करतो, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

जे केलं ते लोकांना दाखवू का? फेसबुकवर टाकू?

एक वर्ष थांबा.

आईवडिलांना माफ केल्याशिवाय बरं वाटणार नाही, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

मला ते खरं वाटत नाही. माफी आली तर येऊ दे, पण ती कुणाला देणं लागत नाही. 'तुझ्या बऱ्यासाठीच मारलं', 'गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये' ही वाक्यं ऐकून कितीतरी माणसं पडवीत येऊन गप्प बसतात. त्यांना मी एक न पाठवायचं पत्र लिहायला सांगते. मायना हवा तो, शिवी आली तर शिवी.

आमच्यातली एक बाई दरवर्षी बापाचा म्हाळ घालते. सगळं साग्रसंगीत, त्याला आवडायची ती काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. कावळ्याला पान ठेवते. मग दुपारी वही काढते आणि त्याला पत्र लिहिते, त्यात त्याने काय काय केलं ते सगळं तारीखवार. मी विचारलं, यातलं खरं काय? ती म्हणाली, 'दोन्ही.' मी पुढे काही विचारलं नाही.

आता माझं वय ७१. या वयात हे उकरून काय मिळणार?

हा प्रश्न विचारणारी आजी गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आली. चित्र नको, लिहिता येत नाही, गाणं तर नाहीच नाही. गोधडी येते म्हणाली. दुसऱ्या शनिवारी पिशवीतून कापडं घेऊन आली. आईची जुनी नऊवारी, नवऱ्याचा लेंगा, नातवाचा शाळेचा सदरा. अगदी तळाशी एक फ्रॉक होता, फुलाफुलांचा, काखेत फाटलेला, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा. कुणाचा ते तिने सांगितलं नाही. तो तिने तीन वेळा बाहेर काढला आणि तीन वेळा परत पिशवीत घातला.

चार महिने ती कडेने आत टाके घालत आली. मधली वीतभर जागा मोकळी ठेवली होती. मागच्या शनिवारी तिने फ्रॉक काढला, काखेतली फाट तशीच ठेवून मधे पसरला, तळहाताने सपाट केला आणि एका बाजूने शिवायला घेतला. तीन बाजू झाल्या. एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठली. चौथ्या बाजूला सुई तशीच टोचून ठेवली, गोधडी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, 'घडी घालू नको. सुई हरवात.'